तीन मिलिमीटर

“निमिषची ओळ कुठाय?” माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत ताईनं विचारलं.

माझ्याच लग्नाची पत्रिका मी डिझाइन करत होते. नुसता फॉन्ट निवडायला मला दोन आठवडे लागले होते. त्या देखण्या पत्रिकेत ‘माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ ही लाडीक ओळ मला अजिबात नको होती. त्यात भाचा निमिष आठ महिन्यांचा. त्याला अजून ‘मावशी’ही म्हणता येत नाही. पण ताई रुसली की लग्नभर रुसणार.

“ही बघ,” म्हणत मी ओळ अगदी खालच्या कडेला टाकली. छपाईनंतर कडेचे तीन मिलिमीटर कापून टाकतात, हे तिला कुठं माहीत! तिनं ओळ दोनदा वाचली, खूश झाली. मी फाइल प्रेसला पाठवली.

शनिवारी प्रेसवाले गुरवकाका पत्रिकांचा गठ्ठा घेऊन स्वतःच घरी आले.

“अगं, बाळाची ओळ कटिंगमध्ये जात होती! एवढी हुशार तू, आणि अशी चूक?” ते म्हणाले. “काळजी करू नकोस. मी ती मधोमध घेतली, मोठी केली. शेजारी दोन टेडी बसवलेत. ते माझ्याकडून आहेर समज.”