घरच्यानंच बोलवायचं

दार सताड उघडं होतं आणि क्लोव्हिस आपल्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभा होता. बायकोला, ओडीलला, दुपारी मातीआड करून आलेला. अंगात काळा सूट, काखेत गेल्याच आठवड्यात आलेलं नवंकोरं पुस्तक. शेजारपाजारचे मागच्या दारानं गम्बो रश्शाची पातेली ठेवून केव्हाच पांगले होते.

"आत चल बाबा," मागून पायऱ्या चढत मेहुणी नेव्हा म्हणाली. "लुइझियानाचे डास तुमच्या त्या व्हॅम्पायरपेक्षा कमी आहेत होय?"

बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

त्या व्हॅम्पायरच्या पुस्तकांपायी तिनं दोघांची आयुष्यभर टिंगल केली होती. नायक व्हॅम्पायर, पण खुन्यांचा माग काढणारा. रक्त पाहिलं की त्यालाच घेरी यायची. नवा भाग आला की क्लोव्हिसनं मोठ्यानं वाचायचं आणि ओडीलनं निम्म्यातच खुनी ओळखून मोकळं व्हायचं. घरच्या माणसानं बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही, म्हणून रोज कामावरून आला की क्लोव्हिस दारात थबकायचा आणि घोगऱ्या आवाजात विचारायचा, "आत येऊ का?" आतून ओडील ओरडायची, "ये, पण पाय पूस मेल्या!"

"बरं, मी म्हणते, ये," नेव्हा म्हणाली.

"तू नाही. घरच्यानंच बोलवायला लागतं."

"पुरे झाला पोरकटपणा! पाद्रीबाबांनी सगळं चर्च रडवलं आज गाऊन गाऊन. काय म्हणाले? देवबापाच्या घराचं दार तिला उघडंच आहे म्हणाले ना?"

"तिला उघडंच आहे गं," क्लोव्हिस म्हणाला. "मला कोण बोलवणार?"

नेव्हानं डोक्यावरची काळी हॅट काढली, तिच्याच काठानं डोळे टिपले.

"याच घरात जन्मले मी," ती म्हणाली. "पप्पांनी ही पायरी ठोकली तेव्हा खिळे माझ्या ओच्यात होते. विसरू नकोस."

आणि घराला वळसा घालून ती मागच्या दारानं आत गेली. तिच्या टाचांचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

क्लोव्हिसनं वाट पाहिली. मग विचारलं. आज आवाज घोगरा काढावा लागला नाही.

"आत येऊ का?"

"ये, पण पाय पूस मेल्या!"

तोच गळा. फोनवर त्यांच्या सख्ख्या आईलासुद्धा दोघी बहिणींत फरक कळायचा नाही.

क्लोव्हिसनं मान खाली घातली आणि तो पायपुसण्यावर बूट पुसू लागला. कबरीवरची ओली माती निघाली. बूट स्वच्छ झाले. तरी तो पुसतच राहिला.