म्हाळूच्या वाट्याचा पाऊस

माणदेशातल्या म्हाळू हुलवानाला मंगळवारी त्याच्या वाट्याचा पाऊस कागदोपत्री मिळाला. पण तो त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

ढग हल्ली ज्याच्या त्याच्या कागदावरच्या पत्त्यावर बरसतात. मेंढ्यांमागे फिरणाऱ्या म्हाळूला घर नव्हतं, म्हणून त्याचा पावसाचा अर्ज भरून घेताना तहसील कचेरीतल्या कारकुनाने कचेरीचाच पत्ता टाकला होता. त्यामुळे सगळा पाऊस कचेरीच्या पार्किंगमध्ये पडला.

"साहेबांची गाडी मस्त धुऊन निघाली बघा, काका," कचेरीत आलेल्या म्हाळूला कारकून म्हणाला.

"आन् माळावर काडी न्हाई. अकरा मेंढ्या मेल्या, भाऊसाहेब. उरलेल्या बसल्यात, उठंनात."

"मग एका जागी राहायचं ना!"

"ऱ्हायलो असतो तर कवाच समद्या मेल्या असत्या."

म्हाळूने लिहून आणलेला अर्ज पुढे सरकवला : 'तरी माझा कायमचा पत्ता "मेंढ्यांच्या मागे" असा नोंदवून घ्यावा, ही नम्र विनंती.'