भुंग्याने आणलेला पराग

“आला! मॅडम, भुंगा आला!” झाडाखालून वनरक्षक परब ओरडले.

वैजयंती गवस दोरांच्या आधाराने जांभळीच्या उंच फांदीवर बसली होती. समोर पांढऱ्या आमरीचा एकच तुरा डोलत होता. जगात उरलेलं हे या जातीचं शेवटचं ऑर्किड, असंच सगळे मानत होते. त्याचा पराग वाहणारे खरे भुंगे केव्हाच नामशेष झाले होते. म्हणून तिने याच फुलाच्या वासाचा माग काढणारा हा यांत्रिक भुंगा बनवला होता आणि सकाळी आंबोलीच्या दऱ्यांवर सोडला होता.

तो तळहातावर उतरला. तिने भिंग लावलं. भुंग्याच्या डोक्याला पिवळा पराग चिकटला होता.

“परब, दुसरं झाड आहे! जिवंत आहे!”

“कुठं? भुंग्यात नकाशा असेल ना? बघा लवकर!”

तिचं बोट भुंग्याच्या बटणावर थांबलं. गेल्या वर्षी असाच एक नकाशा फुटला होता आणि चोरांनी आमरीचं ते झाड फांदीवरून मुळासकट उपटून नेलं होतं. रिकामी फांदी परबांनीच पाहिली होती.

तिने नकाशा न बघताच पुसून टाकला.

“पुसला, परब. आता ते कुणालाच सापडणार नाही. आपल्यालासुद्धा नाही.”



तिने भुंगा फुलावर सोडला. तो आत शिरला आणि बाहेर आला तेव्हा त्याचं डोकं स्वच्छ होतं.

“पराग लागला!” ती आनंदाने किंचाळली.

परबांनी टोपी काढली आणि धुक्याने भरलेल्या दरीकडे वळून मोठ्याने हाक दिली, “आहेस तिथंच सुखात राहा गो, बाय!”