क्लचमधली हवा

“धर!” जीवराम जीपखालून ओरडला.

“धरेल शे, आबा!” वरून सुनेचा, मयुरीचा आवाज आला.

जीवरामने क्लचमधली हवा काढायचा निपल अर्धा आटा सैल केला. पारदर्शक नळीतून तेल आलं आणि तेलासोबत बुडबुडे. त्याने निपल आवळला. “सोड!” पुन्हा दाब, पुन्हा धर, पुन्हा बुडबुडे. सकाळपासून निम्मी बाटली तेल संपलं, पण पेडल काही कडक होईना. वॉशर नवे, सिलेंडर नवा, पाइप कुठे पाझरत नाही. मग हवा शिरत होती कुठून?

एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं काढलेला हा माणूस. निवृत्तीनंतर मेहरूणला पत्र्याची शेड टाकली आणि चोपड्यापासून भुसावळपर्यंतच्या जुन्या गाड्या त्याच्या दारात येऊ लागल्या. पण गेल्या तीन महिन्यांत क्लचने त्याचा पिच्छा पुरवला होता. आधीच्या दोन गाड्या मालकांनी निमूटपणे ओढून दुसरीकडे नेल्या. कोणी वाईट बोललं नाही. जीवरामला तेच जास्त लागलं.

ही तिसरी जीप केळीवाल्या रुपचंदची. “हिचा क्लच झाला नाही, तर समजायचं हात गेले,” असं जीवराम रात्री जेवताना घरात बोलून बसला. “पान्ह्यांची पेटी गिरधरला देईन आणि शेडला कुलूप लावीन.” गिरधर त्याचाच जुना चेला, आता धुळ्याचा नावाजलेला मिस्त्री. जीवरामचा मुलगा नवीन तर वाटच बघत होता म्हाताऱ्याने आराम करण्याची. त्याने लगेच गिरधरला फोन लावला. गिरधर दुपारी येणार होता. जीवराम शब्दाचा पक्का, त्यामुळे आता पंचाईत झाली होती.

गंमत म्हणजे ब्रेकची हवा झटक्यात निघायची. पेडलवर हीच मयुरी, चाकापाशी हाच जीवराम, आणि दहा मिनिटांत काम फत्ते. तीन महिन्यांपूर्वी जुना मदतनीस सोडून गेला तेव्हा ती पोरगी न सांगता पुढे आली होती. डोक्यावर ओढणी घेऊन यायची, सांगितलं तेवढं करायची. जीवराम खालून सरकत बाहेर येऊ लागला, की ती चटकन बाजूला होऊन मान खाली घालून उभी राहायची. सासरा उभा असताना बसायचं नाही, ही माहेरची शिकवण. तिच्यात काही खोट नव्हती. खोट आपल्याच बोटांत, असं जीवरामने मनाशी ठरवून टाकलं होतं. निपल वेळेवर आवळला जात नसणार, आणि तेवढ्यात हवा आत जात असणार.

“दाब! दाब! धर!”

“धरेल शे, आबा!”

पुन्हा बुडबुडे. जीवरामने निपल आवळला आणि पान्हा बाजूला ठेवला. “सोड” म्हणायचंही त्याच्या जिवावर आलं. पाठीखालच्या गोणपाटावर तो क्षणभर तसाच पडून राहिला. डोळे भरून आले होते, ते सुनेला दिसू नयेत म्हणून तो पलीकडच्या बाजूने हळूच बाहेर निघाला, तोंड पुसलं आणि जीपला वळसा घालून दाराशी आला.

सीट रिकामी होती. मयुरी जमिनीवर उभी होती, उघड्या दारातून आत वाकलेली. पेडल तिने दोन्ही तळहातांनी रेटून धरलं होतं. चेहरा लालबुंद, कोपरं थरथरत होती. पेडल दोन बोटं वर आलं होतं, पण आबांनी “सोड” म्हटलं नव्हतं म्हणून तिने सोडलं नव्हतं.

“काय करी ऱ्हायनी तू?”

ती दचकली. “धरेल शे ना, आबा.”

“हातघाई दाबस? पाय कशाले शे?”

मयुरीने ओढणी सावरली. “तुम्ही बराबर खाले पडेल शेतस. तुमना डोकावर पाय कसा ठेवू?”

“आणि ब्रेकले?”

“तव्हय तुम्ही चाकाजोडे ऱ्हातस.”

जीवरामला आता उलगडलं. हाताने कितीही जोर लावला तरी निपल आवळेपर्यंत पेडल थोडं उचलणारच, आणि तेवढीच फट हवेला पुरते. म्हणजे तीन महिने त्याची बोटं धड होती. गिऱ्हाइकं गेली, झोप गेली, शेडला कुलूप लागायची वेळ आली, आणि कारण काय, तर पोरीने सासऱ्याचा मान राखला! खरं तर त्याला राग यायला हवा होता. पण एवढी माया त्याला गेल्या कित्येक वर्षांत कोणी लावली नव्हती.

“ठेव पाय. मी सांगस ना.”

तिने मान हलवली. नाही म्हणजे नाही.

“मंग तू जाय खाले,” तो म्हणाला आणि स्वतः सीटवर चढला.

मयुरीने ओढणी कमरेला खोचली आणि गोणपाटावरून आत सरकली. कुठला निपल, किती सैल, कधी आवळायचा, ते जीवरामने वरून समजावलं. सासऱ्यासमोर कधी मोठ्याने न बोललेली ती पोरगी जीपखाली गेली आणि एकदम ठेकेदारच झाली. “दाबा, आबा! धरा! धरा म्हटलं ना!” जीवराम मुकाट्याने दाबत होता, धरत होता. पाचव्या खेपेला पेडल पायाखाली कडक लागलं. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. कडकच!

तेवढ्यात गिरधर रिकामी गोणी खांद्यावर टाकून शेडमध्ये आला. जीवराम सीटवर आरामात बसलेला आणि जीपखालून जोडवी घातलेले दोन पाय बाहेर आलेले पाहून तो जरा गडबडला.

“आबा, नवीननी सांगं म्हणून उनू. पेटी भरू का मंग?”

“माले नको इचारू,” जीवराम म्हणाला. “मिस्तरी खाले शे, तिले इचार.”