चेहरा स्पष्ट दिसू द्या

पुन्हा तेच. फोन थरथरला आणि पडद्यावर लाल अक्षरं उमटली: चेहरा जुळत नाही. चेहरा स्पष्ट दिसू द्या.

"आता ह्याहून स्पष्ट काय दाखवू, बाप्पा!" प्रियांका फोनवरच खेकसली.

समोरच्या स्टुलावर म्हातारी लग्नातल्या फोटोला बसावी तशी बसली होती. हात गुडघ्यांवर, पदर चापून.

सोनपेठच्या बसस्टँडसमोर प्रियांकाचं ऑनलाइन कामांचं दुकान होतं. माणूस कागद कुठून काढतो यावरून ती गिऱ्हाईक ओळखायची. खिशातून काढला तर घाईचं. फायलीतून काढला तर भांडखोर. आणि कमरेच्या पिशवीतून, प्लास्टिकात गुंडाळलेला काढला, तर काम पोटाचं. म्हातारीनं कमरेच्या पिशवीतून काढला होता.

"कडूबाईचा हयातीचा दाखला पाठवायचा हाय," एवढंच बोलून तिनं आधार कार्ड टेबलावर ठेवलं होतं.

सरकारच्या निराधार योजनेचा महिन्याचा पगार घेणाऱ्यांनी वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवायचं, आणि त्याची मुदत आज संध्याकाळी संपत होती. दाखला गेला नाही, तर पगार बंद. मग तो पुन्हा सुरू करायला किती उंबरे झिजवावे लागतात, हे प्रियांकाला ठाऊक होतं.

तिनं आधी अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं होतं. म्हातारीनं हात पदराखाली ओढले. "बोटं झिजलीत माय, कापूस येचून येचून. तू आपला फोटूच काढ."

त्यात नवल काहीच नव्हतं. इकडं निम्म्या बायांची बोटं अशीच. शिवाय फोटोला प्रियांका भीत नव्हती. फोन नवाकोरा होता. "पाखराच्या पिसाची रेघ न् रेघ येती ह्यात," असं शेजारच्या मोबाइलवाल्या भुजंगनं तो विकताना छातीठोक सांगितलं होतं.

"कडूबाई, इकडं बघा."

म्हातारी रस्त्याकडंच बघत राहिली.

"ओ आजी! कडूबाई!"

"आं? हां, हां."

कानानं जड दिसते, प्रियांकानं मनात टिपून ठेवलं आणि आवाज चढवला. "आता डोळे मिचकवा!"

"आगं बया! ह्या वयात डोळा मारायला लावतीस व्हय?"

"एक न्हाई, दोन्ही मिटा अन् उघडा. तुमी जित्या हाव, हे फोनला कळाया पायजे."

"मेलेलं माणूस जीपमदी कोंबून घिऊन सोनपेठला येतंय का? इचार की तुज्या फोनला!"

प्रियांका हसली. फोन हसला नाही. लाल अक्षरं.

तिनं भिंग मऊ फडक्यानं पुसलं. म्हातारीला दाराच्या उजेडात बसवलं. पदर कपाळावरून मागं सारला. दर वेळी फोटो आधीपेक्षा सरस. सुरकुती न् सुरकुती सुटी, पापणीचा केस न् केस दिसावा, हनुवटीवरचं हिरवं गोंदण तर असं, की आत्ताच टोचलंय. आणि दर वेळी फोनचं एकच: चेहरा स्पष्ट दिसू द्या.

शेवटी तिनं भुजंगला हाक मारली. तो हातातला चहा घेऊनच आला. आधी त्यानं फोटो बघितला, मग कार्ड बघितलं, मग उरलेला चहा संपवला.

"ताई, कार्डावर गोंदण कुठाय?"

प्रियांकानं कार्ड डोळ्यांशी धरलं. गोंदण सोडा, त्यात नाकसुद्धा अंदाजानंच घ्यायचं होतं. धुक्यात उभी केलेली म्हैस बरी.

"त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यानं गिळलं आसंल," ती म्हणाली.

"मग हेच तर! त्यांच्याकडं धूर हाय, अन् तुमी दाखवायल्या रांगोळी. कसं जुळंल? तुमच्या फोनला लय दिसायलंय."

"म्हंजे मुद्दाम खराब काढू?"

"माणूस जास्त जवळून बघितलं की वळखू येत न्हाई, ताई. माज्या सासऱ्याला इचारा." असं म्हणून भुजंगनं स्वतःच्या तेल चोपडलेल्या केसांवरून बोट फिरवलं आणि ते नव्या फोनच्या भिंगावर ओढलं.

प्रियांकाच्या काळजातून कळ गेली. पण बाहेर ऊन कलायला लागलं होतं.

तिनं फोन धरला. पडद्यावर म्हातारी विरघळली. डोळ्यांच्या जागी दोन सावल्या, सुरकुत्या गडप, गोंदण गडप. म्हातारीनं डोळे मिटले, उघडले.

हिरवी खूण. हयात असल्याची नोंद झाली.

"बघा!" भुजंग म्हणाला आणि मोठं ऑपरेशन करून निघालेल्या डॉक्टरासारखा कप घेऊन निघून गेला.

प्रियांका बघतच राहिली. स्वच्छ फोटो खोटा आणि तेलकट फोटो खरा, हा कुठला न्याय? पडद्याकडं बघावं की म्हातारीकडं, तिला कळेना. मशीनपुढं कुणाचं चालतं, असं म्हणून तिनं पावती छापली आणि म्हातारीच्या हातात दिली.

"घ्या आजी. कडूबाई जित्या हायत. आता कुणी न्हाई म्हणायचं न्हाई."

म्हातारीनं पावती प्लास्टिकात गुंडाळली, कमरेला खोचली, पण स्टुलावरून उठली नाही.

"देव तुजं भलं करो, लेकी. लय वाट बघायली आसंल ती. थोरली बहीण हाय माजी, आता खाटंवरून उठवत न्हाई तिला." तिनं पिशवीतून दुसरं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि पदर पुन्हा चापून घेतला. "आता माजा काढ, दगडाबाईचा. अन् ती काच तेवढी नीट पुसून घे."