एका ताटातली सर्दी

दरवर्षी सरकार नवी सर्दी सोडायचं आणि इंदुमती ती सगळ्यांच्या आधी घ्यायची. दोन दिवस नाक गळायचं, पण मग वर्षभर जीवघेणा ताप जवळ फिरकत नसे. सगळी गल्ली तिच्या ओट्यावर जमायची, ती शिंकायची आणि सगळ्यांना फुकटात लस मिळायची.

यंदा ती शिंकून शिंकून दमली, पण कुणालाच लागण होईना.

आरोग्यसेविका म्हणाली, "यंदाच्या सर्दीच्या विषाणूने रूप इतकं बदललंय, की शरीरातली जुनी प्रतिकारशक्ती त्याला ओळखतच नाही. पण त्या नादात त्याची पकड सैल झालीय. एका ताटात जेवल्याशिवाय आता तो लागायचा नाही."

ताप शेजारच्या तालुक्यात येऊन ठेपला होता. भिंतीपलीकडे धाकटी जाऊ सरोज राहायची. तिने इंदुमतीच्या आमटीला पाणचट म्हटल्यापासून दोघींचा अबोला होता. इंदुमतीने राग गिळला आणि तिला जेवायला हाक मारली. सरोज आली, एका ताटात मुकाट्याने जेवली आणि गेली.

सकाळी भिंतीपलीकडून दणदणीत शिंक ऐकू आली. इंदुमतीचा जीव भांड्यात पडला.

थोड्या वेळाने सरोज लालबुंद नाक घेऊन दारात उभी राहिली. "जाऊबाई, मला काही लागली नाही हो. आजही एकाच ताटात बसावं लागेल."

"बसू की," इंदुमती म्हणाली आणि तिने आमटीला मूठभर डाळ जास्त घेतली.