खंडेनवमीची चाचणी

आप्पासाहेबांनी ऑफिसचं इंटरनेट राखणाऱ्या दुसऱ्या फायरवॉलच्या डब्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, आणि तबक ठेवायला जागा होईना म्हणून त्याच्या मागच्या दोन्ही वायरी उपटून बाजूला केल्या.

"झालं," ते म्हणाले. "आता कर सही."

नव्या नेटवर्क इंजिनिअरच्या, मैत्रीच्या, हातात फॉर्म होता. 'पहिला फायरवॉल बंद पडल्यास दुसरा आपोआप काम हाती घेतो. चाचणी यशस्वी.' खाली नेटवर्क इंजिनिअरच्या सहीची जागा. उद्या दसऱ्याची सुट्टी, म्हणून फॉर्म आज बाराच्या आत क्लायंटला जायचा होता. सव्वाअकरा झाले होते. मैत्रीला नोकरीत कायम करायचं की नाही, हे महिनाअखेरीला आप्पासाहेब ठरवणार होते, आणि दिवसातून एकदा तरी ते सहज बोलून दाखवत.

"चाचणी झालेली नाही, साहेब."

"तीन वर्षं मी सही करतोय. गेल्या वर्षी तर आपल्याकडे दुसरा फायरवॉलच नव्हता. तरी यशस्वी झाली."

हडपसरच्या या शेडमध्ये पूर्वी लेथ होते. आता एकशेवीस माणसं कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं पुटपुटणं टाइप करत. लेथ गेले, खंडेनवमी राहिली. हत्यार पुसायचं, पूजायचं आणि दिवसभर त्याला हात लावायचा नाही. पण टायपिंग थांबवण्याची सोय नव्हती, म्हणून दरवर्षी एखाद्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरची पूजा होई. यंदा आप्पासाहेबांनी सुधारणा केली. हा नवा डबा महिनाभर रिकामाच बसलाय, असं त्यांचं म्हणणं.

"रिकामा नाही, साहेब. पहिल्याची नाडी धरून बसलाय. दर सेकंदाला विचारतो, आहेस ना? उत्तर आलं नाही की हा कामावर हजर."

"म्हणजे पहिल्याच्या मरणावर टपलाय." आप्पासाहेबांनी हाराकडे बघितलं. "आणि मी याला कुंकू लावलं."

मैत्रीने तबक उचलून खुर्चीवर ठेवलं आणि दोन्ही वायरी परत खोचल्या. दिवे लुकलुकायला लागले.

"आता मी पहिल्याची वायर काढते."

"खुळी का काय? भर कामात? सगळ्यांचं नेट जाईल."

"दुसरा चालला तर नाही जाणार. नाही चालला, तर फॉर्मवर काय लिहायचं ते कळेल."

"आणि महिनाअखेरीला मी काय लिहायचं, तेही कळेल."

"लिहा," मैत्री म्हणाली. "माझे बाबा खडकीला दारूगोळा कारखान्यात आहेत. तिथे आधी एक गोळा उडवून बघतात, मग बाकीच्यांवर सही करतात."

"आणि उडाला तर?"

"उडायलाच हवा, साहेब."

आप्पासाहेब परंपरेकडे वळले. "हे बघ, आज हत्याराला हात लावायचा नसतो."

"का नसतो?"

"का म्हणजे? वर्षभर राबतं ते. एक दिवस विश्रांती."

"मग ती कोणाला हवी?" तिने पहिल्या डब्यावर बोट आपटलं. "हा चार वर्षं एक मिनिट बसलेला नाही. आणि हार कोणाला, तर ज्याने अजून एक दिवस काम केलेलं नाही त्याला. चुकीच्या देवाची पूजा झालीये, साहेब."

तिने हार उचलला, पहिल्या डब्याला घातला आणि त्याची वायर ओढली.

पहिल्याचे दिवे गेले. मैत्रीच्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर नेट चालू असल्याची सेकंदाला एक ओळ उमटत होती, ती थांबली.

एक.

आप्पासाहेब वायरीसाठी झेपावले. मैत्रीने ती पाठीमागे धरली.

दोन.

काचेपलीकडच्या हॉलमध्ये एकाने हेडफोन काढला.

तीन.

"ए, अडकलं का रे?" हॉलमधून आवाज आला. आणखी दोन माना वर झाल्या. मैत्री जागची हलली नाही. फक्त फॉर्म हातात चुरगळत चालला होता.

चार.

स्क्रीनवर ओळ उमटली. मग दुसरी. मग धडाधड.

"हां, आलं आलं," हॉलमधला म्हणाला आणि माना खाली गेल्या.

आप्पासाहेबांनी काचेतून बघितलं. एकशेवीस माणसं टाइप करत होती.

"कोणाला कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले. आवाजात थोडी तक्रार होती. "बरं. कर सही."

"अर्धीच झाली. आता पहिला परत चालू करायचा आणि दुसऱ्याची वायर काढायची. हा जागा सोडून पहिल्याला परत देतो का, ते बघायचंय."

"नाही सोडणार. खुर्चीत बसलेला उठत नसतो, मी सांगतो तुला. बावीस वर्षं बघतोय."

"म्हणूनच बघायचं."

तिने पहिल्याची वायर लावली. दिवे आले. ती दुसऱ्याकडे वळली.

"थांब."

आप्पासाहेबांनी जाऊन दाराला आतून कडी घातली. परत आले. शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"बाजूला हो. कुठली?"

"निळी."

"तू मोज."

त्यांनी वायरीला बोटं लावली, ती कपाळाला लावली, आणि वायर ओढली.